आडवा हात

बाकीची माणसं जेवणावर आडवा हात मारतात. आमचे भाऊ तो पासबुकावर ठेवतात.

भाऊंना तुम्ही ओळखता. तुमच्याकडे त्यांचं नाव वेगळं असेल, पण एटीएमच्या रांगेत तुमच्यापुढे उभे असतात ते हेच. पिन टाकताना कीपॅडवर हात धरावा असं बँकच सांगते. भाऊ पडद्यावरही धरतात. चिठ्ठी यंत्रातून पुरती बाहेर यायच्या आत तळहाताखाली जाते. मग ती वाचायची बाहेर जाऊन, भिंतीकडे तोंड करून. (येणाऱ्याजाणाऱ्यांचा गैरसमज होतो, पण भाऊंना त्याचं काही नाही.) वाचून झाली की तिचे आठ तुकडे. चार एटीएमच्या टोपलीत, चार पलीकडच्या रसवंतीच्या चिपाडात. मी एकदा विचारलं, हे कशासाठी? म्हणाले, "कुणी जोडली तर?"

ही सवय पैशापुरती असती तर मी, बँकेत चौतीस वर्षं काढलेला माणूस, तिचं कौतुकच केलं असतं. पण हा हात कुठेही आडवा येतो. डॉक्टरांकडे वजनकाट्यावर उभे राहिले की भाऊ वाकून आकड्यावर हात धरतात. वाकल्याने काटा हलतो, डॉक्टर ओरडतात, मग भाऊ सरळ होतात आणि स्वतःचे डोळे मिटून घेतात. मंडईत वांगी कितीला घेतली असं विचारलं की हात पिशवीच्या तोंडावर जातो. लग्नात आहेराची वही घेऊन बसलेला पोरगा "किती लिहू?" म्हणाला की भाऊ त्याच्या हातातलं पेन काढून घेतात, स्वतः लिहितात आणि लगेच वर हात ठेवतात. कराडात गेल्या वीस वर्षांत झालेल्या निम्म्या लग्नांच्या वह्यांत भाऊंच्या नावापुढे रक्कम नाही, निळा डाग आहे. त्यांची चिमी दहावीला शाळेत पहिली आली तेव्हा पेढे घेऊन घरी आले. किती टक्के, म्हटलं. "झाली की पास."

आणि हा माणूस नोकरी कसली करतो? साखर कारखान्यात, वजनकाट्यावर. सव्वीस हंगाम झाले, दुसऱ्याच्या उसाची टनं खिडकीतून मुंडकं बाहेर काढून, अख्ख्या यार्डाला ऐकू जातील अशी पुकारतो. लोकांचं वजन उघड करायचा पगार घेतो. तो पगार किती, हे मात्र वहिनींनाही माहीत नाही.

मूळ सगळं बैलबाजारात आहे. भाऊंचे वडील माणदेशातले, खिल्लार बैलांच्या सौद्यातले दलाल. त्या बाजारात किंमत तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे राहतात, हातात हात घालतात, वर पंचा किंवा रुमाल टाकतात आणि त्याखाली बोटं बोलतात. किती बोटं धरली, कुठल्या पेरावर दाबलं, त्यावरून आकडा. भोवती पन्नास माणसं उभी असतात. सौदा मोडला का जुळला तेवढं त्यांना कळतं, किती कळत नाही. बापाने रुमालाखाली संसार केला, मुलाने रुमालाशिवाय तोच चालू ठेवला. "झाकली मूठ सव्वा लाखाची" ही म्हण आपण शाळेत वाक्यात उपयोग करून सोडून दिली. भाऊंनी ती घरखर्चाला लावली.

त्यामुळे भाऊंची परिस्थिती नेमकी कशी आहे, हे आमच्या कॉलनीत कुणालाच सांगता यायचं नाही. वर्गणीवाले आले की "आपल्याकडं काय आहे ओ!" पाहुणे आले की "देवाच्या दयेनं काही कमी न्हाई." दोन्ही वाक्यांना हात तोच, छातीसमोर, पालथा.

असा हा माणूस अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या तावडीत सापडला.

झालं असं की चिमी बारावीत असतानाच कुठूनसं वाचून आली होती, की तिकडची काही कॉलेजं परदेशी मुलांनाही पदवीपासून आर्थिक मदत देतात. सगळी नाहीत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी मोजकी कॉलेजं परदेशी मुलाचा अर्ज वाचताना त्याला मदत लागणार आहे की नाही हे पाहतच नाहीत. बाकीची पाहतात, आणि जितकी जास्त मदत मागाल तितका प्रवेश अवघड. चिमीने त्या बाकीच्यांतली चार लहान कॉलेजं निवडली. वर्षाचा खर्च, राहणं-जेवणं धरून, ऐंशी ते नव्वद हजार डॉलर. सव्वा लाखाची झाकली मूठ तेव्हा डॉलरमध्ये पंधराशेच्या आसपास जात होती, हे मी मनातल्या मनात करून पाहिलं आणि गप्प बसलो.

ऑक्टोबर लागला तशी पोरगी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. "काका, बाबा सांगत नाहीत. तुम्ही बँकेतले, तुम्ही विचारा."

ती मला जो अर्ज दाखवत होती त्याचं नाव सीएसएस प्रोफाइल. अमेरिकेतल्या कॉलेज बोर्डाचा असतो, दरवर्षी १ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो. मी आयुष्यभर कर्जाचे अर्ज तपासले. शेतकऱ्याला म्हशीचं वय विचारलंय, विधवेला दिराची सही आणायला लावलीय. पण या अर्जासारखा खोदून खोदून विचारणारा कागद पाहिला नाही. आईची मिळकत, वडिलांची मिळकत, कर लागतो ती, लागत नाही ती. बचत किती, गुंतवणूक किती, घराची किंमत किती, कधी घेतलं, तेव्हा कितीला घेतलं, कर्ज किती राहिलंय. आपल्याकडे मुलगी बघायला आलेले लोकही इतकं विचारत नाहीत. ते शेजाऱ्यांना विचारतात.

आणि त्यालाही फी. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. भाऊंना हे सांगितलं तेव्हा हात पहिल्यांदा खाली आला. "गरिबी दाखवायला पंचवीस डॉलर? आपल्याकडं तलाठी एवढे घेत न्हाई."

पण एकीकडे त्यांना आनंदही झाला होता. "म्हणजे साहेब, आपल्याकडं काय न्हाई, एवढंच सांगायचं ना? मग सोपं आहे. आजवर तेच सांगत आलोय."

"सांगून चालत नाही भाऊ. दाखवावं लागतं. आकड्यानिशी."

"आकडा कशाला? शब्दावर विश्वास न्हाई?"

मी म्हटलं, पूर्वीही नव्हता. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. त्यांच्याकडूनही आधी, शिकून आल्यावर दहा वर्षं बडोद्यात नोकरी करण्याचा करार लिहून घेतलाच होता. भाऊ थोडे वरमले. आंबेडकरांना सुटलं नाही ते आपल्याला कुठून सुटणार, असा काहीतरी विचार त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. मग म्हणाले, "पण त्यांनी किती शिल्लक आहे म्हणून इचारलं नव्हतं."

रविवारी सकाळी भाऊ कागद घेऊन आले. साडीच्या दुकानाची पिशवी, तिच्यात खताच्या कंपनीची कापडी पिशवी, तिच्यात प्लास्टिकची, तिला दोन रबर. बरोबर वहिनी आणि चिमी. माझ्या जेवणाच्या टेबलावर भाऊंनी एकेक कागद काढून मांडायला सुरुवात केली आणि प्रत्येकावर हात ठेवायला. मला दिसलं ते एवढंच: बँकेचं नाव, भाऊंचं नाव, हात, आणि हाताखालून डोकावणारा पैशांतला शेवटचा शून्य.

"हे बघा पासबुक."

"हात काढा."

"तुम्ही आकडा सोडून बाकीचं बघा की."

चिमीने शांतपणे सांगितलं, पासबुक चालतच नाही, स्टेटमेंट लागतं. ते तिने बँकेतून ईमेलवर मागवून ठेवलं होतं, पण त्याला पासवर्ड होता आणि कुलूप घातलेली पीडीएफ तिकडे चालत नाही. भाऊंनी हे ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "बघा साहेब! बँकसुद्धा हात आडवा धरती!" मला उत्तर सुचलं नाही. खरं म्हणजे माझ्या खात्याची अशी उघड बाजू घेणारा माणूस चौतीस वर्षांत पहिल्यांदाच भेटला होता.

कुलूप निघालं. मग फॉर्म सोळा. मग ऊसबिलाच्या पावत्या. शेतीच्या उत्पन्नावर आपल्याकडे आयकर नाही, हे अमेरिकेला समजावण्यात चिमीचे दोन दिवस गेले. उत्पन्न आहे आणि कर नाही म्हणजे तुम्ही चुकवता, असंच त्यांना वाटणार. कारखान्याचं बिल एका हप्त्यात येत नाही, दोन-तीनदा येतं आणि शेवटचं कधी येईल ते चेअरमनलाच ठाऊक, हे त्या अर्जातल्या कुठल्याच चौकटीत बसेना. सभासदाला सवलतीत साखर मिळते. ती उत्पन्न धरायची का? चिमी म्हणाली, धरायची, 'इतर लाभ'मध्ये. वहिनी म्हणाल्या, "अगं, ती दिवाळीला सगळ्यांना वाटून संपते." चिमीने तेही टिपेत लिहिलं.

सातबारा मराठीत. त्याचं इंग्रजी करायला फोनमधल्या यंत्राला सांगितलं. त्यात 'पोटखराबा' हा शब्द होता, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन. यंत्राने इंग्रजीत सांगितलं की या कुटुंबाच्या चार गुंठ्यांना पोटाचा विकार आहे. ते तसंच गेलं असतं तर मदत वाढून आली असती, असं मला अजूनही वाटतं. चिमीने ते खोडून पुन्हा केलं. विहीर सामाईक, चुलत्याबरोबर. मालकी अर्धी, पाणी ज्याची वीज आधी येईल त्याचं. विकास सोसायटीचं पीककर्ज निघालं तेव्हा भाऊंचा हात आपोआप उचलला गेला. कर्ज दाखवायला हरकत नव्हती. कर्ज उघडं ठेवायचं असतं, ते मागणाऱ्याला परस्पर परत पाठवतं.

मग भाऊंनी मला गॅलरीत बोलावलं. "साहेब, एक एफडी आहे. मेव्हण्याच्या नावावर टाकली तर?"

असे प्रश्न मला नवे नाहीत. आमच्या शाखेत दरवर्षी उन्हाळ्यात काही खाती अशी फुगायची, की पैसे बाळंतपणाला माहेरी आलेत. मुलाचा व्हिसा, बॅलन्स सर्टिफिकेट काढायचं, म्हणून मामा टाकायचा, आत्या टाकायची, आणि सर्टिफिकेटवरची शाई वाळायच्या आत सगळे आपापल्या घरी परत. दाखवण्यापुरते पैसे पंधरा दिवस टक्केवारीवर देणारे एजंट निघाले होते. त्यांच्या उपद्व्यापामुळेच असेल, इंग्लंडने नियम केला की पैसे सलग २८ दिवस खात्यात हवेत. जर्मनी तर त्याहून हुशार. सरळ म्हणते, वर्षाचे पैसे आमच्याकडच्या खात्यात आधी भरा आणि महिन्याला थोडे थोडे काढा, ११,९०४ युरो. म्हणजे फुगवणारे पाहिले होते. पण मदत मिळावी म्हणून खातं रोडावून दाखवायला निघालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी काही बोलायच्या आत मागून चिमीचा आवाज आला. "बाबा, खोटं सापडलं तर प्रवेशच जाईल. आणि मामाकडून एफडी परत कोण आणणार?"

दुसरा मुद्दा भाऊंना पहिल्यापेक्षा जास्त पटला.

मधला भाग सोडून देतो, पण वहिनींचं सांगायलाच हवं. अर्जात आईचीही बचत विचारतात. भाऊ म्हणाले, "तिथं शून्य टाक." वहिनी काही बोलल्या नाहीत. पदराला हात घातला, कमरेची किल्ली काढली, घरी गेल्या आणि एक पिवळं पुस्तक घेऊन आल्या. पतसंस्थेचं, पिग्मीचं. रोज दुपारी दोन वाजता एक मुलगा सायकलवरून यायचा. भाऊ नऊ वर्षं त्याला केबलवाला समजत होते. वहिनींनी पुस्तक टेबलावर उघडं ठेवलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "दोन लाख अडतीस हजार. व्याज धरून."

खोलीत शांतता. भाऊंनी त्या पुस्तकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा हात पुढे सरकून त्या आकड्यावर जाऊन बसला.

"अहो, माझं आहे ते," वहिनी म्हणाल्या.

"असू दे. साहेब बसलेत."

शेवटचा प्रश्न आला तो हा: आईवडील वर्षाला किती पैसे देऊ शकतील? चिमी म्हणाली, "बाबा, हा आकडा कुठल्या कागदात नाही. हा तुम्हीच सांगायचा."

भाऊ खिडकीतून बाहेर पाहत राहिले. वहिनी त्यांच्याकडे, मी माझ्या चष्म्याकडे. मी उठून चहा टाकायला जावं हे मला कळत होतं; मी गेलो नाही, हेही कबूल करतो. चौतीस वर्षांची खोड. भाऊंनी खिशातून रुमाल काढला. चौकटीचा, निळा, चौपदरी घडीचा. झटकला. आणि मी पाहत होतो, पोरीने न सांगता उजवा हात पुढे केला.

आजोबांनी शिकवलं होतं म्हणे. सुट्टीत म्हसवडला गेली की आजोबा ओसरीवर बसून तिच्याशी चिंचेच्या बोटकांचा सौदा करायचे, पंच्याखाली. चिमीचा हात भाऊंनी हातात घेतला, वर रुमाल पडला, आणि आत काहीतरी झालं. पोरीने मान हलवली. नाही. तिची बोटं हलली. भाऊंनी मान हलवली. पुन्हा त्यांची बोटं. पुन्हा नाही. असं तीनदा, चारदा. मला वाटत होतं बाप कमी सांगतोय आणि पोरगी वाढवून मागतेय. बाजाराची रीतच ती. मग चिमी हलकेच म्हणाली, "बाबा, मग आईच्या गुडघ्याचं काय?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की सौदा उलटा चाललाय. देणारा चढवत होता आणि घेणारी उतरवत होती.

शेवटी रुमाल निघाला. चिमीने लॅपटॉप स्वतःकडे वळवला, आकडा टाकला, आणि टाकताना डावा हात पडद्यावर आडवा धरला. मी बापाकडे पाहिलं. बाप छताकडे पाहत होता, फार समाधानाने.

मार्चअखेरीस एका कॉलेजचं पत्र आलं. प्रवेश, आणि मदतही. पुष्कळ, एवढंच मला सांगण्यात आलं. मात्र मदतीतून जे उरतं ते तुमच्याकडे आहे, हे आता दाखवा. त्याशिवाय आय-ट्वेंटी नावाचा कॉलेजचा कागद मिळणार नाही, आणि आय-ट्वेंटीशिवाय व्हिसा नाही. म्हणजे ऑक्टोबरात ज्या कॉलेजला "आमच्याकडे काय आहे" म्हणून पटवलं, त्यालाच आता "आमच्याकडे काही कमी नाही" म्हणून पटवायचं. दुसरा कुणी असता तर गडबडला असता. भाऊंना तर एका श्वासात दोन्ही बोलायचा सराव.

कॉलेजने फॉर्म पाठवला होता, खाली बँकेच्या अधिकाऱ्याची सही आणि शिक्का. मी त्यांच्याबरोबर गेलो. खुर्चीवरचा मुलगा माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी जन्मला असला तरी फार तर शाळेत असेल. म्हणाला, दुसऱ्यांच्या फॉर्मवर आम्ही सही करत नाही, आमचा ठरलेला नमुना आहे, लेटरहेडवर देतो, अमुक चार्ज अधिक जीएसटी. बरं. खात्यावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. त्याचं एक वेगळं पत्र. रक्कम रुपयांत, त्यांना डॉलरमध्येही हवी, कुठल्या दिवसाचा भाव? आजचा. शेवटी सर्टिफिकेट छापून आलं. मुलाने ते तपासायला भाऊंसमोर ठेवलं. भाऊंनी तपासलं आणि परत देताना रकमेवर हात ठेवून दिलं.

"काका, हात काढा, सही करायचीय."

"खालती करा की. खालती जागा आहे."

"रक्कम बघून करावी लागते."

"तुमच्याच कॉम्प्युटरमधनं आलीय. तुम्हाला म्हाईत न्हाई?"

हा युक्तिवाद मला बँकेच्या कामकाजाचं सार वाटला, पण मी तसं बोललो नाही. शिक्का मागवला. गोल. भाऊंनी तो उमटलेला नीट पाहिला आणि मग माझ्या कानाशी म्हणाले, "थोडा अलीकडं मारला असता तर आकडा झाकला असता."

व्हिसाला मुंबईला मीही गेलो. भाऊंना रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये एकट्यांना फाईल सांभाळणं जड गेलं असतं. फाईल आता चार पिशव्यांत होती. आम्ही दोघं आळीपाळीने जागलो. बीकेसीत कॉन्सुलेटच्या दारात पिशव्या गेल्या, राहिली पारदर्शक फोल्डरमधली कागदांची चळत. भाऊंनी ती चिमीला देताना बँकेचं सर्टिफिकेट उलटं घातलं. पोरगी आत गेली. आम्ही फुटपाथवर. भाऊ दर पाच मिनिटांनी म्हणत, "आता पासबुकावर आले असतील." "आता सातबारा." अमेरिकेचा माणूस पोटखराब्यापाशी अडेल, ही त्यांची मुख्य काळजी.

तासाभराने चिमी हसत बाहेर आली. मिळाला. मी विचारलं, काय काय विचारलं? तीन प्रश्न. कुठलं कॉलेज, काय शिकणार, पैसे कोण देणार. तिने सांगितलं, काचेपलीकडून "ठीक आहे" आलं, पासपोर्ट ठेवून घेतला. बस.

"स्टेटमेंट?" भाऊंनी विचारलं.

"नाही मागितलं."

"सर्टिफिकेट? गोल शिक्क्याचं?"

"फोल्डर उघडलंच नाही बाबा."

आनंद झालाच होता त्यांना, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, डोळे पुसले. पण परतीच्या गाडीत, खोपोली गेलं तरी त्यांचा जीव त्या फोल्डरात अडकला होता. "सहा महिने सगळं उघडं केलं," ते काचेकडे पाहत म्हणाले. "बायकोला कळलं. तुम्हाला कळलं. बँकेतल्या त्या पोराला कळलं. आणि ज्याच्यासाठी केलं त्यानं बघितलंबी न्हाई." थोड्या वेळाने, "बघायला पायजे होतं, साहेब. पोरीचा बाप काय आहे ते."

मी हसलो असतो. पण त्या रात्री मला प्रीतिसंगमावरची बाग आठवली, आणि ती आठवण मी कुणाला सांगत नाही.

माझी बँकेत चौकशी लागली होती, पुष्कळ वर्षांपूर्वी. तीन महिने कामावरून दूर ठेवलं होतं. निर्दोष सुटलो, तो भाग सोडा. पण त्या तीन महिन्यांत मी घरी सांगितलं नाही, शेजारी सांगितलं नाही. सकाळी डबा घेऊन निघायचो आणि कृष्णा-कोयनेच्या काठी बागेत बसायचो, सहा वाजेपर्यंत. आठवड्याभरात भाऊ तिथे दिसले. कारखान्याला सुट्टी होती. माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. शेजारी बसले. ऊस, पाऊस, कोयनेचं पाणी, असलं काहीतरी बोलले. का बसलात, हे विचारलं नाही. नंतर कॉलनीत कुणीतरी म्हणालं, साहेब बँकेत दिसत नाहीत हल्ली, तर भाऊ म्हणाले म्हणे, "ऑडिटला गेलेत. लांब." त्यांच्या त्या वाक्यावर माझे तीन महिने गेले. आजतागायत त्यांनी तो विषय काढलेला नाही. मी मात्र गेली वीस वर्षं त्यांच्या एटीएमच्या चिठ्ठीवर लोकांना हसवत आलो. वर हेच सगळं आता छापायलाही दिलंय.

चिमी ऑगस्टमध्ये गेली. गेल्यावर आठवड्याने भाऊ संध्याकाळी आले, पेढे घेऊन. घरात कुणी नव्हतं. बसले, पाणी प्यायले, तिच्या खोलीत बर्फाच्या दिवसांसाठी पाइप गरम होतो वगैरे सांगितलं. मग मी विचारलंच. इतकं सगळं केलं, भाऊ, आता तरी सांगा. तुम्हाला वर्षाला भरायचे किती?

भाऊंनी दाराकडे पाहिलं. उठून ते लोटलं. खिडकीचा पडदा ओढला. मग निळा चौकटीचा रुमाल काढून झटकला आणि म्हणाले, "हात आणा."

मी हात पुढे केला. रुमाल पडला. त्यांचे हात खरखरीत, आणि अपेक्षेपेक्षा गरम. त्यांनी माझं मधलं बोट धरलं, मग अंगठ्याशेजारचं, कुठल्यातरी पेरावर दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं, शेवटी सगळी मूठ एकदा आवळली. डोळे माझ्या डोळ्यांत.

"कळलं?"

"कळलं," मी म्हणालो.

"कुणाला बोलायचं न्हाई हां साहेब. वहिनींनापण न्हाई."

मी शब्द दिला. तो पाळणं मला फार सोपं जातंय.